पलंगाखालची जर्मन वाईन

पोलिसाच्या नोकरीत शेकडो छापे घातले, पण राजारामपुरीतला तो छापा आजही मनातून जात नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. ठाण्यात निनावी पत्र आलं : ‘फौंड्रीतल्या मिस्त्रीच्या घरी, आतल्या खोलीत पलंगाखाली पेंड्यात विलायती दारू हाय.’

दुपारी पंच घेऊन गेलो. खबर खरी निघाली. पेंढ्यात सहा बुटक्या, चपट्या बाटल्या. मिस्त्री निवृत्तीला आलेले, सरळ माणूस.

“साहेब, ही विकायची न्हाय. कंपनीनं जर्मनीला ट्रेनिंगला धाडलंतं, तवा तिथल्या म्हाताऱ्या फोरमननं दिली. त्याच्या मळ्यातल्या पांढऱ्या द्राक्षांची. सिल्व्हानर म्हणत्यात. तिथंबी त्या द्राक्षाला कोण विचारत न्हाय. म्हातारा म्हणला, पोरीच्या लग्नापतोर ठेव, मग चव कळंल.”

“परवाना आहे?”

“न्हाय.”

पंचनामा केला. गल्ली दारात जमली होती. आठवड्यात मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पाहुणे म्हणाले, दारूवाल्याची सोयरीक नको.

मला पत्र खटकत होतं. पलंगाखालचं बाहेरच्याला कसं कळलं? आतल्या खोलीत कोण येतं, मी मिस्त्रींना विचारलं. “धाकटा भाऊ,” एवढंच म्हणाले.

भावाला बोलावलं. आधी कानांवर हात ठेवले. मग मी तेच वाक्य सांगून लिहून घेतलं. ‘पेंढ्यात’ऐवजी त्यानं पत्रातल्यासारखंच ‘पेंड्यात’ लिहिलं. अक्षरही तेच. दोन्ही कागद शेजारी ठेवले, तसा तो कोसळला.

“सगळीकडं त्याचंच जर्मनी, जर्मनी! जरा जिरवावी म्हटलं. पोरीचं मोडंल असं न्हाय वाटलं, साहेब.”

पण गुन्हा दाखल झाला होता. कोर्टात मिस्त्रींनी कबुली दिली, दंड झाला. भावाचं नाव त्यांनी कुठंच घेतलं नाही. मुद्देमाल नष्ट करायचा हुकूम आला. ठाण्याच्या आवारात माझ्यासमोर बाटल्या फोडल्या. सोनेरी झालेली वाईन मातीत जिरली. मधाचा, वाळल्या गवताचा वास सुटला. हवालदार म्हणाले, “दारूचा वास असा नसतो की हो.”

पुढं मुद्देमालाच्या कागदावर सही करायला मिस्त्रींऐवजी त्यांची मुलगी ठाण्यात आली. मी काहीतरी समजुतीचं बोलू लागलो. तिनं शांतपणे थांबवलं.

“तुमची काय चूक, साहेब? खबर खरीच होती की.”

खबर खरी आहे का, हे मी आयुष्यभर तपासलं. ती कोण देतो आणि कशासाठी, हे दार ठोठावण्याआधी विचारायला शिकलो, ते त्या घरानंतर. त्या घराला त्याचा काही उपयोग नव्हता.