डाकूच्या पोटाची पावडर

"पावडर बदलून द्या मॅडम. हे बोगस आहे."

गोपाळरावांनी टेबलावर थैली ठेवली आणि थैलीतून कुत्र्याचं पिल्लू बाहेर काढलं. कळमन्याला धान्याची अडत करणारा हा दणकट माणूस तिसऱ्यांदा आमच्या धरमपेठेतल्या क्लिनिकमध्ये आला होता. पहिल्या खेपेला त्यांनी मलाच विचारलं होतं, "डॉक्टर कवा येतीन?"

"आल्यात. तुमच्यासमोर बसल्यात."

ऐंशीच्या दशकात नागपुरात जनावरांची डॉक्टर बाई म्हणजे अप्रूपच. तेव्हापासून ते मला जरा जास्तच मान देत.

पिल्लाचं नाव डाकू. पोटात इन्फेक्शन होतं म्हणून मी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. ताप गेला, पण लूज मोशन थांबेनात. यात नवल नव्हतं. अँटिबायोटिक वाईट जंतू मारतं, तसे पोटातले कामाचे जंतूही मारतं. ते परत यावेत म्हणून जिवंत जंतूंची पावडर देतात. आज तिला प्रोबायोटिक म्हणतात. तेव्हा कुत्र्यांसाठी वेगळी मिळत नसे. माणसांचीच, डोस कमी करून द्यायची. तीच मी दुसऱ्या खेपेला दिली होती आणि तिचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

"येत्या रविवारी साळा येऊन राहिला खाप्याहून," गोपाळराव म्हणाले. "त्यानंच देल्लं होतं हे पिल्लू. बायको म्हणते, वापस पाठवा. फरशी धुऊन धुऊन थकली. पण पोरगी सासरी गेल्यापासून घर खायले उठते मॅडम. याच्यात मन रमलं होतं."

एवढा दांडगा माणूस, पण बोलता बोलता डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. क्लिनिक त्यांचं, मी ज्युनियर.

"कंपनी बदल. एक्सपायरी बघ," सर म्हणाले.

"बघितली. चांगली आहे."

"मग डोस वाढव."

"सर, घरी देतात कशी, ते एकदा बघून येते."

"पावडरसाठी होम व्हिजिट?" सर हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

गोपाळरावांच्या पत्नी सुमनबाई स्वयंपाकघरात होत्या. मी म्हटलं, डोस माझ्यासमोर द्या. त्यांनी पातेल्यात दूध ओतलं, पुडी फोडून त्यात टाकली, आणि ते दूध स्टोव्हवर चांगलं खळखळून उकळलं.

"अहो, उकळता कशाला?"

"लहान जीव आहे, त्याले कच्चं कसं देऊ? अन् बाहेरची पुडी. कोणाकोणाचे हात लागले असतीन."

मला हसू आवरेना. पिल्लावर रोज करवादणारी ही बाई त्याचं दूध मात्र तान्ह्या लेकराचं असावं तसं सांभाळत होती.

"सुमनताई, विरजण उकळत्या दुधात टाकता का?"

"काहून टाकीन? दही लागन का मंग?" त्या एकदम थांबल्या. पातेल्यात डोकावल्या. "म्हणजे हे विरजण आहे?"

"पोटाचं विरजण."

"अवं माय! मंग तसं सांगा ना वं बाई!"

दूध मी बंदच केलं, कारण बिघडलेल्या पोटाला ते सोसत नाही. पावडर थंड ताकात कालवायची, सोबत मऊ भात. सगळा कारभार सुमनबाईंच्या हाती. शनिवारी दुकानातून गोपाळरावांचा फोन आला. "मॅडम, घट्ट झाली!" ते गिऱ्हाइकांच्या गर्दीत इतक्या जोरात ओरडले की पलीकडे हशा पिकलेला मला ऐकू आला.

रविवारी तपासायला गेले, तर सुमनबाईंचा खाप्याचा भाऊ टोपली घेऊन बसलेला.

"नेऊ का पिल्लू, ताई?"

"हात नको लावू गा त्याले," सुमनबाई कडाडल्या. "आत्ता कुठं पोट लायनीवर आलं. तुह्या शेतात कोण ताक कालवून देईन त्याले?"

गोपाळराव नुसते मिशीत हसत होते.

गुण कशाचा आला? सर म्हणत पावडरचा, सुमनबाई म्हणत त्यांच्या ताकाचा. मला वाटतं, दूध बंद केल्याचाही त्यात वाटा होता. मी मात्र तेव्हापासून कुठलंही औषध लिहिण्याआधी मालकाला विचारायची, "हे कशात घालून देणार?" रिटायर झाले त्या दिवशीही विचारलं. समोरचा गृहस्थ चांगला शिकलेला होता. म्हणाला, "गरम चहात."