लढत थांबवणारा उस्ताद

मित्रहो, आज मी माझा बॉक्सिंगचा उस्ताद निवडला.

गेल्या आठवड्यात केडगावहून सायकलवर नगरच्या एका तालमीत गेलो होतो. तिथल्या उस्तादाने पहिल्याच दिवशी मला हातमोजे चढवून एका तगड्या गड्यासमोर उभं केलं. माझं नाक फुटलं. सगळे हसले, उस्तादही हसला. घरी वडील म्हणाले, "शाळामास्तराला हे धंदे कशाला?"

पण मला शिकायचंच होतं. म्हणून आज सकाळी भिंगारला बॉक्सिंग शिकवणाऱ्या शेखचाचांकडे गेलो. महायुद्ध संपल्यावर ते पलटणीतून घरी आलेत. त्यांच्या दोन शागिर्दांची लढत चालली होती. एकाला कानाजवळ ठोसा बसला. तो डगमगला, तरी पुढे सरसावला. चाचा मधे शिरले आणि त्यांनी लढत थांबवली.

"चाचा, मी जिंकत हुतो!" तो रडकुंडीला आला.

"व्हय. पन तुजे पाय लटपटत्यात. आज बास."

मग त्यांनी माझं नाक तपासलं. "मास्तर, हे बरं होईस्तोवर नुसते पाय टाकायला शिका. ठोसा न्हाई."

तासभर तेच केलं. पोटऱ्या भरून आल्यात, पण उद्या पुन्हा जाणार, आणि वडिलांना सांगून जाणार.

तुम्ही उस्ताद निवडताना काय बघाल? तो किती जोरात मारतो ते, की कधी थांबवतो ते?