तापाला तालमीची माती

ताप आला की तालमीच्या मातीत घालायचं, ही आमच्या कोल्हापूरची जुनी रीत. हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या, लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरलेलं असतं. गळ्यापर्यंत पुरलं की ती माती अंगातला ताप ओढून घेते म्हणे. ओढते कसलं डोंबल.

महाराजांच्या राज्यात कुस्तीला सोन्याचे दिवस होते. शाळेच्या गड्यानं मैदान मारलं की शाळेचं नाव दरबारात निघायचं, आणि आमच्या खेळाच्या मास्तरांची मान आणखी ताठ व्हायची. बोर्डिंगात माझ्या खोलीतला कोडोलीचा पोरगा हा शाळेचा गडी. मोठा खादाड आणि तेवढाच भोळा. माझ्या वाटणीची भाकरी खाऊन वर मलाच म्हणायचा, "तू लेका अंगच धरत न्हाईस."

उन्हाळ्यातलं मैदान रविवारवर आलं आणि गुरुवारी सकाळी तो तापानं फणफणला. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. मी मास्तरांना म्हटलं, डॉक्टरांना बोलावूया, दवाखाना काय लांब नाही. मास्तर उखडले. "डॉक्टर आला म्हंजे आठ दिवस अंथरूण. मग कुस्ती काय तू खेळतोस?"

त्याला तालमीत नेऊन, हौदा उकरून गळ्यापर्यंत मातीत घातलं. तालीम म्हणजे बुटक्या दाराची, बिनखिडकीची खोली. आत जीव नुसता उकडत होता. तो सारखं पाणी मागायचा. मास्तर म्हणायचे, तापल्या अंगात पाणी न्हाई द्यायचं, माती काम करतीया. मी तांब्या घेऊन गेलो तर मास्तरांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. मला अजून त्या माणसाचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं वाटतही नाही.

दुपारी पोरगा भलतंसलतं बरळायला लागला, तेव्हा कुणाला न विचारता मी पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी आधी त्याला मातीतून बाहेर काढायला लावलं. ओल्या फडक्यानं अंग पुसलं, पाणी पाजून बघितलं. ते घशाखाली उतरलंच नाही. दिवेलागणीच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी त्याला न्यायला बाप बैलगाडी घेऊन आला. हेडमास्तरांपुढं उभाच राहिला, बसला नाही. शाळेनं चूक कबूल करावी आणि पुन्हा कुणाच्या पोराला असं घालू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

"रीतच आहे ही पिढ्यान्‌पिढ्यांची," हेडमास्तर म्हणाले. "मुद्दाम कुणी केलेलं नाही. नशिबापुढं कुणाचं चालतं?"

मी दारातच होतो. आत शिरलो आणि सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांना बोलावू दिलं नाही ते, पाणी दिलं नाही ते. हेडमास्तरांनी मला आजच्या आज बोर्डिंग सोडायला सांगितलं. सोडलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

बापानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सायेब, तुमचं पोरगं तापानं फणफणलं तर कुठं नेतासा?"

"दवाखान्यात," हेडमास्तर बोलून गेले.

"मग माझं मातीत का घातलंसा?"

हेडमास्तर टेबलावरचे कागद सारखे करत बसले. बाप गाडी जुंपायला गेला.

मैदान रविवारीच झालं. शाळेनं दुसरा गडी उतरवला. त्यानं कुस्ती मारली म्हणून सोमवारी पोरांना सुट्टी दिली.