थोरल्याची प्रार्थना

यमुताईंच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. धाकट्याने सुरुवात करायची, थोरल्याने शेवट, असा तिथला नेम. थोरले म्हणजे यमुताईंचे यजमान ताराचंद. रेल्वेतून निवृत्त झालेला हा माणूस इतका सावकाश प्रार्थना करी की चुलीवरची भाजी करपे. पण ओळखीतलं एकही नाव गाळत नसे.

मार्चमध्ये ताराचंद वारले. नेम मात्र मोडला नाही. लेक मायाची प्रार्थना व्हायची, मग यमुताईंची. त्यानंतर दोघी डोळे मिटून ताराचंदांच्या वाट्याचा वेळ तसाच मोकळा सोडत.

त्या मोकळ्या वेळात कुणीतरी श्वास घेई. खिडक्या लावलेल्या, कूलर बंद. ताराचंदांची वेताची खुर्ची करकरे, मग घसा खाकरल्याचा आवाज येई. बोलण्याआधी ताराचंद खाकरत, अगदी तसा. शब्द मात्र येत नसे. त्या शब्दाची वाट पाहत यमुताई अंथरुणात टक्क जाग्या राहत. दोन महिन्यांत त्यांचे डोळे खोल गेले.

"मले भेव लागते, आई," माया म्हणाली. "दादाकडे कळमेश्वरले जाऊ."

"तू जा. हे इथं अडकून राहिले अन् मी जाऊ?"

"बाबा नाही अडकले वं! तूच अडकवून राहिली त्यायले."

यमुताई उठल्या आणि वेताची खुर्ची पुसू लागल्या.

शनिवारी संध्याकाळी खाकरणं अगदी कानाशी आलं. मग ताराचंदांच्या वाट्याची प्रार्थना त्यांच्याच संथ चालीत यमुताई करू लागल्या. नावांत आधी कन्हानचे दीर आले, शेजारची आजारी गोपिका आली, दारू न सोडणारा धोंडबा आला. आणि त्या थांबल्या. शेवटचं नाव नेहमी यमुताईंचं असे. ते मागणं ताराचंद मागत. स्वतःसाठी मागायची यमुताईंना सवयच नव्हती.

"एक नाव राहिलं, आई."

"मालूम आहे मले. गप राह्य."

खुर्ची करकरली.

"अन् बापा," यमुताई पुढे म्हणाल्या, "यमुले झोप दे. ह्यायले तुह्याजवळ ठेव. मी आता ह्यायची वाट नाही पाहत. आमेन."

खोलीत कुणीतरी लांब श्वास सोडला. तो आपलाच होता की आणखी कुणाचा, हे यमुताईंना कळलं नाही, आणि विचारावंसंही वाटलं नाही. तिथेच चटईवर त्या कलंडल्या.

रविवारी चर्चमधल्या उपासनेची वेळ टळून गेली. माया पांढरी साडी नेसून उंबऱ्यावर बसली होती. आत यमुताई मंद घोरत होत्या, आणि मायाने त्यांना हाक मारली नाही.