पिवळ्या रेषेवरचे आजोबा

इथले अनुभव मी नेहमी वाचतो, पण मनातल्या मनात हसतही असतो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही 'आहे' असं म्हणवत नाही. जिंतूरला शाळेत आमचे विज्ञानाचे सर सांगायचे – प्रयोग लिहिताना जे दिसलं ते लिहा, जे वाटलं ते वेगळ्या ओळीत लिहा. घरातला मी पहिला पदवीधर. त्या सरांनी फॉर्म भरायला लावला नसता तर कॉलेजही झालं नसतं. म्हणून हेही त्यांच्याच पद्धतीने लिहितो.

कोविडचं पहिलं वर्ष. मी ऑस्ट्रेलियात, पर्थपासून चार तासांवरच्या एका लहान गावात राहत होतो. चारी बाजूंना गव्हाची शेतं, गावात एकच मोठा रस्ता. त्या रस्त्यावर, बेकरीच्या शेजारी, लायसन्स आणि गाड्यांच्या नोंदणीचं ऑफिस होतं. काम सरकारचं, पण चालवायची डेब नावाची बाई, कमिशनवर. मी तिच्याकडे नोकरीला होतो. साठीची, सडेतोड, मनाने अतिशय चांगली. ज्ञानेश्वर हे नाव तिला जमेना, म्हणून मी 'डॅन' झालो. माझा व्हिसा असा होता, की त्या भागातली नोकरी गेली तर देश सोडावा लागला असता.

साथ आली आणि लोक सगळं ऑनलाइन करायला लागले. कमिशन आटलं. डेबसारख्या एजंटांनी सरकारकडे मदत मागितली. अट एकच होती – ऑफिस लोकांसाठी खरोखर उघडं आणि वापरात असलं पाहिजे. ते बघायला पर्थहून एक अधिकारी बाई व्हिडिओ कॉल करणार होत्या.

घरी फोन केला की वडील, अण्णा, तेच विचारायचे. "ऑफिस बंद नाही ना पडणार, माउली?"

"नाही हो अण्णा. तुम्ही मास्क लावताय ना?"

कॉलच्या आदल्या दिवशी मी डेबला म्हणालो, "बेकरीवाल्याला दहा मिनिटं बोलावू या का? कस्टमर म्हणून उभा राहील."

ती हसली. "तू अगदी माझ्या बाबांसारखा आहेस, डॅन. हे ऑफिस त्यांनीच सुरू केलं आणि जाईपर्यंत चालवलं. रिकामं असलं की ते स्वतःच हॅट घालून त्या रेषेवर उभे राहायचे आणि डोळा झाकून तक्ता वाचत बसायचे. का, तर काचेतून बघणाऱ्याला वाटावं की गिऱ्हाईक आहे!" मग गंभीर होऊन म्हणाली, "पण मी तसलं काही करणार नाही. जे आहे ते दाखव."

रेषा म्हणजे डोळ्यांच्या चाचणीची. भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि त्याच्यासमोर जमिनीवर पिवळी पट्टी. लायसन्ससाठी आलेला माणूस तिथे उभा राहून आधी एक डोळा झाकून वाचतो, मग दुसरा.

दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, कॉल आला. डेब काउंटरच्या आत होती. टॅबलेट माझ्या हातात. मी दार दाखवलं, काउंटर दाखवला, मग टॅबलेट तक्त्याच्या बाजूला वळवला. सकाळपासून कोणीही फिरकलं नव्हतं.

"छान," त्या बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे कस्टमर आहे, तर मी जास्त वेळ घेत नाही."

"कस्टमर नाहीये कोणी," मी म्हणालो.

"अरे, ते काय हॅटवाले आजोबा! रेषेवर उभे आहेत."

मी मान वर करून बघितलं. रेषेवर कोणी नव्हतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत आमचीच खोली दिसत होती... त्यातही कोणी नव्हतं.

डेब पुढे आली. "अगं लव्ह, इथे आम्ही दोघंच आहोत. खरंच."

बाई हसायला लागल्या. त्यांना वाटलं आम्ही चेष्टा करतोय. "बरं बरं. पण त्यांना सांगा, मघापासून एकच डोळा झाकलाय. डावा. उजवाही झाकायचा असतो म्हणावं! नो वरीज, आजच रिपोर्ट पाठवते."

कॉल संपला. डेब खुर्चीत बसली.

"बाबांचा डावा डोळा गेला होता," ती म्हणाली. "कुंपणाची तार तुटून बसली होती. ते कायम तोच झाकायचे. उजवा झाकला तर त्यांना दिसणार काय?"

डाव्या डोळ्याचं मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ऑफिसात त्यांचा फोटोही नव्हता. आणि पर्थच्या त्या बाई आमच्या गावात कधी आल्याच नव्हत्या.

मला राहवेना. डेबला विचारून मी त्यांना ईमेल केला, की त्या वेळी ऑफिसात कस्टमर नव्हता, कृपया रिपोर्ट दुरुस्त करावा. त्या रिपोर्टवर माझा व्हिसा अवलंबून होता, तरी पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं – 'डॅन, मी जे पाहिलं तेच लिहिलंय.'

मदत मंजूर झाली. ऑफिस टिकलं आणि मीही टिकलो. डेबचे उपकार मी विसरणार नाही.

आता मी कॅनबेराला, गुंगालिनमध्ये राहतो. नेटवर्कचा उशीर, दुसऱ्या कॉलचं चित्र मिसळणं, बाईंचा गैरसमज – सगळं तपासून झालं. डाव्या डोळ्याशी येऊन सगळं अडतं. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.

गेल्या महिन्यात माझ्याच लायसन्ससाठी डोळे तपासायला गेलो होतो. रेषेवर उभा राहिलो, डावा डोळा झाकून तक्ता वाचला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आता दुसरा, मेट." हात बदलण्याआधी मी रेषेवर थोडा बाजूला सरकलो. हे जे झालं ते.

आणि ही वेगळी ओळ – शेजारी कोणाला तरी उभं राहायला जागा हवी आहे, असं वाटलं.