निळ्या बॅटरीचा मान

आमच्या साम्राज्यात हाताच्या खुर्च्या चारच होत्या, म्हणून सरदारही चारच. बाकी सगळे सतरंजीवर. गोंदियात राइस मिलचे सुटे भाग विकणारं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर दर रविवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस माणसं जमायचो. सगळी मोठी, लग्नकार्य झालेली, पोटापाण्याला लागलेली. तिथं बसून आम्ही दूरच्या ताऱ्यांमधलं एक साम्राज्य चालवायचो. प्रत्येकाचं एक सोंग, एक यान. दुकानाचा मालक आमचा सम्राट. तो प्रसंग सांगायचा, आपण काय करणार ते आम्ही सांगायचं, आणि ते साधलं की फसलं हे फासे टाकून ठरायचं. लोक विचारायचे, यातून मिळतं काय? मान मिळतो हो, मान. तो काय घरी वाढून ठेवलेला असतो?

पदव्यांचे हक्क सम्राटानं भिंतीवर रंगवून घेतले होते. सगळ्यात खालचा शिलेदार, त्याला फक्त आपल्या यानाचं नाव ठेवता येई. सरदाराला हाताची खुर्ची, पहिला समोसा, आणि तो आत आला की शिलेदारांनी उठून छातीवर हात ठेवायचा. सगळ्यात वर उमराव. उमरावाला एक बॅटरी मिळे, काचेवर निळा जिलेटिन कागद चिकटवलेली, साधी हातातली. ती चालू आहे तोवर त्याचं बोलणं कुणी तोडायचं नाही, खुद्द सम्राटानंही नाही. वाटलं तर उमरावानं ती आपल्या हाताखालच्या एकाला उसनी द्यावी, असाही नियम होता. पण हातात आलेली बॅटरी कोण कशाला देतंय?

मला ती बॅटरी हवी होती. किती हवी होती, ते एकत्र कुटुंबात दिलेल्या बाईलाच कळेल. आमचं घर तांदळाच्या व्यापाऱ्यांचं. माणसं भरपूर, आणि मी तोंड उघडलं की माझं वाक्य पूर्ण करायला मोठी जाऊ, म्हणजे ताई, हजर. मी म्हणावं, "उद्या बाजारातून..." की ताई म्हणणार, "वांगे नको आणू व, कालचेच पडले हायेत." मला वांगी आणायचीच नसत. मला काय आणायचं होतं, ते मग माझं मलाच आठवत नसे.

ताईचं स्वतःचं एक वाक्य मात्र कायम अर्धंच राही. तिचं माहेर नवेगाव बांधच्या मोठ्या तळ्याच्या पलीकडच्या काठाला. तिच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधण्याचं काम चालत आलेलं, आणि त्यांचं स्वतःचं एक लहान तळं अन् त्याखालची धानाची जमीन अजून होती. पावसाळ्याआधी तिचे वडील गेले. ती एकुलती एक. संक्रांत झाली की ते शेत गावातल्याच एकाला ठेक्यानं द्यायचं, असं मामाजींनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, जवळजवळ पक्कं केलं होतं. ताई जेवताना सुरू करायची, "मामाजी, गावच्या शेताचं मी म्हणून राहिली होती का..." आणि मामाजी म्हणायचे, "होऊन जाईन ते. वरण वाढ." ती वरण वाढायची. सगळ्या घराची वाक्यं कापणारी ही बाई आपलं वाक्य इतक्या मुकाट्यानं गिळते याचं मला नवल वाटे.

मी दर रविवारी जाते कुठं, हे पाहायला ताई एकदा माझ्यामागोमाग माडीवर आली. "हे काय लेकरांवाणी चालून राहिलं?" म्हणाली, आणि तासाभरात सम्राटाशी हुज्जत घालत होती. शत्रूच्या ग्रहावरचा बांध फोडायचा आमचा बेत तिला मुळीच पटला नाही.

"बांध फोडत नसतेत, बापा. खाली लोकं राहतात."

सम्राट हिंदीत वाढलेला माणूस. त्यानं हात जोडले. "ठीक है भाभीजी, नहीं फोडते."

पुढच्या रविवारी ताई शिलेदार झाली. आम्हा सगळ्यांची यानं कुणाचं वज्र, कुणाचं विद्युत. हिनं नाव ठेवलं बोडी. आमच्याकडे गावच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. लोक हसले, ती हसली नाही. पण माझ्या आनंदाला पारावार नव्हता, कारण मी तोवर सरदार झाले होते. मी जिना चढून आले की मोठी जाऊ सतरंजीवरून उठायची, छातीवर हात ठेवायची. मी मुद्दाम चप्पल विसरल्यासारखं करून दोनदा आत-बाहेर करायची.

व्हायचं ते झालंच. एकदा मामाजींचे व्यापारातले पाहुणे बैठकीत बसले होते, ताई त्यांची विचारपूस करत होती आणि मी चहाचा ट्रे घेऊन आत गेले. ताई ताडकन उठली आणि तिनं छातीवर हात ठेवला. पाहुणे चपापले.

"काऊन उठली व?" मामाजींनी विचारलं.

"पायाले मुंगी चावली," ताई म्हणाली.

"मग हात छातीवर कायले ठेवला?"

"कळ वरपर्यंत आली ना, मामाजी."

स्वयंपाकघरात आम्ही दोघी ओट्याला धरून इतक्या हसलो की पदरानं डोळे पुसायची वेळ आली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी मिळून अशा हसल्याचं मला आठवत नाही.

हिवाळ्यात आमचा मोठा दरबार नवेगाव बांधला तळ्याच्या काठी भरायचा होता आणि तिथं मला उमराव करणार, असं व्हॉट्सअॅपवर सम्राटानं जाहीर केलं. मला भूक लागेना. पोळ्या लाटताना मी भाषण पाठ करायची, आणि ताई शेजारी भाजी चिरत मधूनमधून त्यातले शब्द बदलून द्यायची. मी म्हणायची, थांब, एकदा बॅटरी हातात येऊ दे.

त्या दिवशी आम्ही चंदेरी रेक्झिनचे झगे घालून बसनं निघालो. कोहमाऱ्याला ढाब्यावर चहाला उतरलो तर ट्रकवाले उठून पाहायला लागले. एकानं विचारलं, "बहनजी, नाटक कहाँ है?" सम्राट माझ्या आधी बोलला, "नाटक नहीं भाई, साम्राज्य है." त्या माणसानं खरंच आदबीनं बाजू दिली. मला वाटलं, हेच, हेच ते, आणि चहा झग्यावर सांडला तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

दरबारापुढचा प्रश्न साधा होता. साम्राज्याच्या टोकाला एक कोरडा ग्रह होता, सांभाळायला माणूस नाही. तो शेजारच्या राज्याला कायमचा चालवायला देऊन टाकावा, असं सम्राटाचं मत. आधी मला उमराव केलं, बॅटरी हातात दिली, मी बटण दाबलं आणि बोलायला लागले. पहिल्याच वाक्यात मी एक चूक केली. समोर ताईचं तोंड उघडलं. मी तिच्याकडे पाहत राहिले. तिनं तोंड मिटलं. अहाहा! त्या क्षणासाठी मी काहीही दिलं असतं. मी बोलत गेले, लांबवत गेले, दोन वाक्यांमध्ये उगाच थांबले आणि कुणीही, कुणीही मध्ये बोललं नाही.

संपवून मी खाली बसले, तशी ताईनं माझा झगा ओढला.

"झालं तुझं? आता ते बॅटरी मले दे."

नियम मला तोंडपाठ होता. तरी माझी मूठ सुटेना. मग मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दिली.

"तो ग्रह ठेक्यानं देऊ नका," ताई म्हणाली. आमच्या खेळात ठेका हा शब्दच नव्हता. "ठेकेकरी धान काढून नेईन, गाळ नाही काढणार. गाळ नाही काढला तर बोडी बुजते. पाणी कधी सोडायचं, कधी अडवायचं, ते मले येते. बाबानं मलेच शिकवलं, दुसरं होतंच कोण? मी आठवड्यातले काही दिवस तिथं राहीन, घरचंही पाहीन. मले एकदा विचारा तरी, का बाई, तुले पाहिजे का."

ती सम्राटाकडे पाहत नव्हती. पाण्याकडे पाहत होती. बोलणं संपलं तरी बॅटरी चालूच राहिली, कारण ती बंद कशी करतात हे तिला माहीत नव्हतं. मी हात लांबवून बटण दाबलं. मग कुठं सम्राटाला बोलता आलं.

"कौनसा ग्रह, शिलेदार?" त्यानं हळूच विचारलं.

ताईनं तळ्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "तो. ते मोहाचे झाडं दिसून राहिले ना, त्याच्या मागं."

कुणी हसलं नाही. सम्राटानं ग्रह तिला दिला आणि सगळे सरदार एका शिलेदारासाठी उभे राहिले. माझं भाषण त्या दिवशी कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, माझ्यासुद्धा.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "घरी बोलशील?"

"तिथं बॅटरी चालत नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामाजी जेवायला बसले. ताई वाढत होती.

"मामाजी, गावच्या शेताचं मी म्हणून राहिली होती का..."

"होऊन जाईन ते. लोणचं आण."

ताई फडताळाकडे वळली. दोन पावलं गेली आणि थांबली.

"आणतो. पण माझं व्हायचं हाय अजून, मामाजी."

मामाजींचा घास हातातच राहिला. ताई उभ्याउभ्या बोलायला लागली. तळ्याचं, गाळाचं, काही दिवस तिथं राहायचं, सगळं. दोन ठिकाणी ती अडखळली. पुढचा शब्द मला येत होता, अगदी जिभेवर होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

तिचं झालं तरी मामाजी ताटाकडेच पाहत होते.

"धानाच्या रोवण्याले बाया कुठून आणशीन?" त्यांनी विचारलं.

"गावातल्याच हायेत. बोलून ठेवलं हाय."

"कधी?"

"बाबा होते तवाच."

मामाजींनी हातातला घास ताटात ठेवला. मग तिच्याकडे पाहिलं.

"सांग मग पुढं," ते म्हणाले.