झारची खुर्ची भाड्याची होती

खुर्चीचा डावा हात चर्रकन वाजला तेव्हा रशियाचा झार तिच्यावर बसलेला होता आणि पाच-सहा बाया ती ओढत होत्या. झारनं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. मी विंगेत उभा होतो. मला झारची काळजी नव्हती. खुर्ची माझी होती.

माझा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. सुरुवात दुसऱ्याच्या मंडपाच्या खुंट्या ठोकण्यापासून केली. आज मंगरूळपीरपासून रिसोडपर्यंत माझा मंडप लागतो. लग्नात नवरा-नवरी ज्या सोनेरी खुर्चीवर बसतात, तिला आमच्या धंद्यात सिंहासन म्हणतात. माझं सिंहासन मी नागपूरहून आणलं. लाल मखमल, पाठीवर मोर, हातांवर दोन सिंह. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी कारंज्याला लग्न होतं आणि मुलीच्या बापानं बाकीचे मंडपवाले सोडून मला धरलं, ते या सिंहांकडे बघून. कारंजा व्यापाऱ्यांचं गाव. तिथं एका लग्नात मोडकी खुर्ची दिसली, की मंडपवाल्याचा सीझन गेलाच म्हणून समजा.

नाटकातला झार म्हणजे आमच्या भागातल्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात. त्यांचा आणि माझा जुना हिशेब आहे, आणि तो पैशाचा नाही. आदल्या वर्षीच्या गॅदरिंगला मंडप माझाच होता. काम संपवून मी पुढच्या रांगेत जरा टेकलो होतो. दादासाहेबांनी माईकवरून सांगितलं, "ते मंडपवाले पुढं काहून बसले? उठवा त्यांले. त्या खुर्च्या पाहुण्यांच्या हायेत." पाचशे माणसांसमोर मी माझ्याच खुर्चीवरून उठलो. तरी पुढच्या वर्षीही काम घेतलं. राग आपल्या जागी, धंदा आपल्या जागी.

नाटक बसवलं ते इतिहासाच्या वानखडे सरांनी. त्यांना पहिल्या महायुद्धातली रशियन क्रांती दाखवायची होती. दादासाहेबांनी एकच विचारलं, "याच्यात राजा हाय काय?"

"आहे, पण..."

"मंग मी राजा. पण-बिण नंतर पाहू."

सिंहासनाचं भाडं ठरवायला गेलो तेव्हा दादासाहेब म्हणाले, "भाड्याचं काय घेऊन बसला दिगांबर? मोठे पाहुणे येऊन राह्यले. फोटोत तुही खुर्ची येईन. फुकटात जाहिरात."

"जाहिरातीनं टेम्पोत डिझेल पडत नाई दादासाहेब," मी म्हणालो. भाडं पूर्ण आणि आगाऊ घेतलं. मुकुट, राजाचा कोट आणि शिपायांचे लाल कोटही माझेच. लग्नात चोपदार म्हणून दारात माणसं उभी करतो, त्यांचे ते कोट. शिपाई म्हणून उभी राहिली तीही माझीच मंडपाची पोरं. फक्त बंदुका शाळेच्या होत्या, लाकडी.

प्रॅक्टिसच्या वेळी वानखडे सरांनी मला सगळी गोष्ट समजावून सांगितली. युद्ध लांबत गेलं. रेल्वे सैन्याच्या सामानात गुंतली. देशात धान्य होतं, पण शहरात पीठ पोचेना. बाया थंडीत भाकरीसाठी रांगा लावून उभ्या. एक दिवस त्यांचा संयम सुटला आणि त्या रस्त्यावर आल्या. राजा लांब, लढाईच्या मुक्कामी. त्याला वाटलं, गर्दी आहे, सैन्य पांगवेल. सैनिकांनी बघितलं तर समोर आपल्याच आया-बहिणी. त्यांनी बंदुका खाली केल्या. मग त्याच्याच सेनापतींनी सांगितलं, आता उतरा. त्यानं गादी भावाला देऊ केली. भाऊ म्हणाला, नको.

"तीनशे वर्षांचं घराणं," सर म्हणाले, "आणि आठवड्याभरात खेळ खलास."

दादासाहेबांना शेवट पसंत पडला नाही. "राजा इतक्या लवकर उतरते काहून? असं करा. शिपाई लोकांले हटवते, लोकांले राजाचं पटते, मंग राजा सगळ्यांले माफ करते आन् भाषण देते."

"दादासाहेब, पण इतिहास..."

"इतिहास तुमचा. संस्था माही."

सरांनी शेवट बदलला. नोकरी संस्थेची, आणि त्यांची पोरगी अजून शिकते आहे.

रांगेतल्या बायांच्या कामासाठी विद्यार्थ्यांच्या आया घेतल्या होत्या. गावाला लागून मळे आहेत, तिथल्या माळणी, आणि पलीकडच्या वाडीतल्या काही जणी. त्यांची पुढारी कौसाबाई. वांग्याची तोडणी अर्धी टाकून ती रोज दुपारी प्रॅक्टिसला यायची. मानधन काही नाही. कबूल केलं होतं ते एकच, गॅदरिंगच्या दिवशी सगळ्यांना जेवण.

आणि नेमकं तेव्हाच तिकडे समुद्रापलीकडे खरं युद्ध पेटलं, येणारा गॅस अडला आणि इकडे गॅसची कमर्शियल टाकी मिळेनाशी झाली. हॉटेलवाल्यांनी भजी बंद केली. दादासाहेबांनी बायांना बोलावून सांगितलं, "युद्ध सुरू हाय, गॅस नाई. जेवण कॅन्सल. चिवड्याचं एक-एक पुडकं भेटन."

कौसाबाई म्हणाली, "टाकी कायले पाह्यजे जी? आमी गोवऱ्या आणतो, वांगे आणतो. रोडगे लावून देतो. साऱ्या गावाची पंगत होते."

आमच्याकडे रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजतात. त्यांचं कोणत्याच युद्धानं अडत नाही. पण दादासाहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "अमरावतीचे साहेब येऊन राह्यले. त्यायच्या समोर गोवऱ्यांचा धूर करू काय? शाळा हाय हे, शेत नोहे."

बाया मळ्याकडे परतल्या. मला मात्र दादासाहेबांनी बाजूला घेतलं. "स्टेजच्या मांगं डबल कनात लाव. पाहुण्यांचं थोडं जेवण हाय तिथं. कोणाले दिसलं नाई पाह्यजे."

कनात म्हणजे मंडपाच्या बाजूनं लावतात ती कापडी भिंत. मी डबल लावली आणि डबलचं भाडं लावलं.

गॅदरिंगच्या दिवशी बाया आणि माझी पोरं सकाळपासून मैदानावर. चिवडा अकरालाच संपला. तिसऱ्या प्रहरी नाटक सुरू झालं. दादासाहेब मुकुट घालून सिंहासनावर बसले. पुढच्या रांगेत शिक्षण खात्याचे अमरावतीचे साहेब. भाकरीच्या रांगेचा प्रवेश आला. कौसाबाईनं तोंड उघडलं, "आम्हाला भाकरी..." आणि ती थांबली. नाक वर केलं.

"थांबा व," ती मागच्या बायांना म्हणाली. "पुऱ्या तळून राह्यले."

वास मलाही आला होता. कापडानं काय, नजर तेवढी अडते, वास नाही.

दादासाहेबांना वाटलं, बाई वाक्य विसरली. त्यांनी आपलं ठोकून दिलं, "प्रजाजनहो! युद्ध सुरू आहे. थोडी कळ सोसा!"

पुढच्या रांगा हसल्या. कौसाबाई हसली नाही. "लढाई आमच्याच चुलीवर आली काय जी? तुमच्या कढईले कोणी सोडलं?"

वाडीची एक बाई तोवर विंगेतून मागं गेली होती. कनातीची गाठ मी स्वतः मारली होती. तिनं ती मेथीच्या जुडीसारखी सोडली. कनात खाली आली आणि सगळ्या मैदानाला दिसलं: टाकी, कढई, पुऱ्यांचा ढीग, बासुंदीचं पातेलं आणि पांढरी चादर घातलेलं टेबल.

"शिपायांनो, हटवा यांना!" झार गरजला. हे वाक्य नाटकातलंच होतं.

माझा नामदेव सगळ्यात पुढं उभा होता. तो जागचा हलला नाही.

"नामदेव, बंदूक उचल बे!" हे नाटकातलं नव्हतं.

"दादासाहेब, ते माही सासू हाय," नामदेव कौसाबाईकडे बघत म्हणाला. "इथं बंदूक उचलली तर घरी ताट कोण वाढन मले? आन् आमीबी सकाळपासून चिवड्यावरच हावो." त्यानं बंदूक खाली ठेवली. बाकीच्यांनीही ठेवल्या. दोघं तर थेट कढईकडे गेले.

मग बाया सिंहासनापाशी पोचल्या आणि खुर्ची चर्रकन वाजली.

मी स्टेजवर धावलो. "दादासाहेब, उतरा खाली."

"मी अध्यक्ष हावो!"

"अध्यक्ष राहा. खुर्चीवरून उतरा. कौसाबाई, तू हात सोड."

"उतरू दे मंग सोडतो."

सौदा म्हटला की माझं डोकं थंड होतं. "काय देता बोला," मी दादासाहेबांच्या कानात म्हणालो.

"पाहुण्यांचं होऊ दे, उरलं ते यायले."

"उरलेलं नाई चालत."

"बरं, अर्धं."

कौसाबाई कडाडली, "अर्धं कायले? एक पंगत. तुमी, आमी, साहेब, सारे खाली बसून."

"मी खाली बसू?" दादासाहेबांनी सिंह आणखी घट्ट धरले. खुर्ची पुन्हा वाजली. माझंही टाळकं सरकलं. "त्या हाताचे पैसे तुमच्याकडून घेईन आन् सगळ्या जिल्ह्याले सांगून घेईन!"

एवढ्यात अमरावतीचे साहेब उठून स्टेजजवळ आले. हळूच म्हणाले, "दादासाहेब, उतरा आता. मी यांच्यासोबतच जेवतो."

"सेनापती," वानखडे सर माझ्या कानाशी पुटपुटले.

दादासाहेबांचा चेहरा पडला. त्यांनी साऊंडजवळ उभ्या असलेल्या धाकट्या भावाला हाक मारली. "बापू, तू बस इथं. नाटक पुरं कर."

बापूनं एकदा बायांकडे बघितलं. "नाई भाऊ. मी इथंच बरा हावो."

वानखडे सरांनी तोंडावर रुमाल धरला. दादासाहेब उतरले. मुकुट मी त्यांच्या डोक्यावरून स्वतः काढला, कारण तोही माझाच होता.

पंगत बसली. पुऱ्या माणशी एक-दीड आल्या, बासुंदी बोट बुडेल एवढी. कोणाचंच पोट भरलं नाही, पण कुरकुर कोणी केली नाही. साहेब मांडी घालून बसले, नामदेव सासूच्या शेजारी. दादासाहेब जेवले नाहीत. राजाचा कोट घालूनच गाडीत बसले आणि निघून गेले. कोट दुसऱ्या दिवशी बापूच्या हातून आला.

खुर्चीचा सांधा निखळला होता. सरस भरून दोरीनं आवळला आणि कारंज्याला नेली. नवरदेवाला सांगितलं, डावीकडे रेलायचं नाही. लग्न लागलं. मुलीच्या बापाला काही कळलं नाही. त्याच्या शेजाऱ्यानं पुढच्या मुहूर्ताला मलाच बोलावलं.

दादासाहेब अजून अध्यक्ष आहेत. झार जातात, संस्थाध्यक्ष जात नाहीत. पण या वर्षी गॅदरिंगला रोडगे झाले, धुरासकट, आणि पंगत एकच बसली. दादासाहेबांनी सिंहासनासाठी फोन केला होता. मी म्हणालो, बुक आहे. ते माझ्या गोदामात कापड पांघरून उभं होतं.

मी धंद्यातून एवढंच शिकलो: भूक माणूस गिळतो, पण कनातीमागची कढई गिळत नाही. राजाला हे मंडपवाल्यानं आधी सांगायला हवं होतं. पण मंडपवाल्याला त्यानं मागं बसवलं होतं.

या वर्षी दादासाहेब पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. तीही माझीच. पण मी त्यांना उठवलं नाही.